हलवायाचा झारा

डिसेंबरात लखनौचा माणूस रजईतून नाकसुद्धा विचार करून बाहेर काढतो. अशा दिवसांत रामदास मेश्राम रोज सकाळी मफलर गुंडाळून, सायकलच्या दांडीला लोखंडी पहार बांधून आलमबागच्या एका बर्फखान्यात जात असे आणि तिथं तासभर बर्फ फोडत असे. दारात शेकोटी करून बसलेल्या हमालांना पहिले दोन दिवस वाटलं, की बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला चहा दिला, कारण वेडा असला तरी माणूस वेळेचा पक्का होता.

वेडबिड काही नव्हतं. रामदास सरकारच्या मत्स्य संशोधन कार्यालयात फील्ड असिस्टंट होता. मूळचा भंडाऱ्याकडचा, तलावांच्या मुलखातला. लहानपणी गावच्या ढिवरांबरोबर जाळी ओढून ओढून पाण्यात कुठं काय हलतंय, हे त्याला काठावरून कळायचं. त्या एका गुणावर नोकरी लागली, बदलीवर लखनौला आला आणि अठ्ठावीस वर्षांत इथलाच झाला. शास्त्रज्ञ आले, मोठे झाले, दिल्लीला गेले. त्यांच्या पेपरांत ज्या माशांची नावं छापून आली, ते मासे बहुतेक रामदासने धरलेले होते. त्याचं स्वतःचं नाव कुठं आलं नाही, आणि यावं असं त्याच्या मनातही कधी आलं नाही. लोक याला चांगुलपणा म्हणत. बायको सुभद्रा याला खोड म्हणायची, आणि तिचं म्हणणं जास्त खरं होतं.

त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, कार्यालयाचे मोठे साहेब डॉक्टर निगम यांच्या डोक्यात एक प्रश्न शिरला होता. लडाखात चौदा हजार फुटांवर एक तळं आहे. त्यात बोटभर लांबीचा, खवले नसलेला एक मासा राहतो. हिवाळ्यात तळं वरून दगडासारखं गोठतं, तेव्हा हा मासा खाली खातो काय? उन्हाळ्यात जाऊन मासे धरणारे खूप झाले, जानेवारीत कुणी गेलं नव्हतं. जायचं, तर आधी दोन-तीन फूट जाडीच्या बर्फाला भोक पाडायला हवं. आणि भोक कशानं पाडायचं, हे लखनौमध्ये कुणाला ठाऊक असणार? इथं बर्फ म्हणजे शरबतात घालायचा पदार्थ.

साहेबांनी आधी परदेशी कॅटलॉगमधला एक मोठा गिरमिट दाखवला. तो मागवला असता तर पुढच्या हिवाळ्यात आला असता. मग ते म्हणाले, रामदासजी, तुम्हीच बघा काय ते. रामदासला वाटलं, आपणच जाणार आहोत. पण वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, पारा बघितला आणि सांगून टाकलं, की या रक्तदाबावर चौदा हजार फूट तर सोडाच, तिसरा मजलासुद्धा जपून चढायचा. अवजारं निवडायचं काम मात्र त्याच्याकडेच राहिलं. जाणार होते सक्सेना नावाचे एक तरुण शास्त्रज्ञ आणि एक संशोधन सहायक. त्या सहायकाचं नाव होतं नीलम मेश्राम. रामदासची मुलगी.

नीलमने लखनौ विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केलं होतं, मुलाखत देऊन ती या नोकरीत आली होती, आणि मुलाखतीत दुसऱ्या कुणाला जमलं नाही ते उत्तर तिनं दिलं होतं. तरी कॅन्टीनमध्ये कुजबूज झालीच. कोटा आहे, वर बापही इथलाच. ती कुजबूज रामदासच्या कानावर पडली त्याच संध्याकाळी त्यानं घरी एक नियम केला. ऑफिसात मला बाबा म्हणायचं नाही, मेश्रामजी म्हणायचं. तू साहेब लोकांत बसतेस, मी जाळी धुतो. दोन्ही एकत्र दिसायला नको. नीलमला तो नियम पटला नव्हता. घरात मराठी सगळं समजायचं, पण बोलताना तिची गाडी कायम हिंदीच्या रुळावर. ती तेव्हा एवढंच म्हणाली होती, "आप कहते हैं तो ठीक है।" दीड वर्ष ती त्याला मेश्रामजी म्हणत होती.

तर अशी ही पोर गोठलेल्या तळ्यावर उभी राहणार, पायाखाली बर्फ, त्याच्याखाली काळं पाणी, आणि तिच्या हातात जे असेल ते बापानं निवडलेलं असणार. मग रामदास डिसेंबरात बर्फ फोडणार नाही तर काय करेल?

बर्फखान्याचा मिस्त्री शकूरभाई म्हणून होता. चाळीस वर्षं बर्फात काढलेला, बोटं जाड आणि पांढुरकी पडलेली. हिवाळ्यात बर्फखाना निम्मा बंदच, फक्त मासळीबाजारापुरत्या लाद्या निघत. त्यामुळे शकूरभाईला वेळ होता आणि या मराठी माणसाची त्याला गंमतही वाटत होती. पाच-सहा दिवसांत दोघांनी मिळून लादीवर सगळी हत्यारं चालवून बघितली. कुऱ्हाडीनं बर्फाच्या ठिकऱ्या डोळ्यांत उडायच्या, आणि भोक वर परातीएवढं होऊन खाली वाटीएवढं राहायचं. शकूरभाईचा सूआ, म्हणजे दाभणासारखा टोकदार सळईचा तुकडा, लादीचे दोन सरळ भाग करायला झकास. पण ते हातभर जाडीच्या लादीचं काम, जमिनीएवढ्या बर्फाचं नव्हे. करवत चालायची, पण आधी भोक असेल तर. राहिली पहार. तिचं टोक बर्फात रुतून बसायचं. मग रामदासने ती लोहाराकडून चपटी करून घेतली, एका बाजूनं पटाशीसारखी धार लावून घेतली आणि पाणी जरा कमीच द्यायला सांगितलं, कारण फार कडक पोलाद थंडीत तडकतं असं शकूरभाईचं म्हणणं पडलं. ती पहार चालली. भोकाच्या कडेकडेनं गोल फिरत मारत गेलं, की बर्फ सोलल्यासारखा निघायचा.

रामदास खूश झाला. शकूरभाई म्हणाला, मियाँ, हा बर्फ तर फरशीवर पडलाय, तुमचा पाण्यावर असणार. तेव्हा त्यांनी एका अर्ध्या ड्रममध्ये पाणी भरलं, वर लादी ठेवली आणि रामदासने पुन्हा पहिल्यापासून भोक पाडलं. आणि तिथं खरी अडचण कळली. पाणी भोकात वर आलं, आणि त्याबरोबर फोडलेल्या बर्फाचा सगळा भुगा वर येऊन तरंगायला लागला. भोक आहे की नाही, तेच दिसेना. वरून मारावं तर पहार भुग्यात शिरून गप्प बसायची. तिकडच्या थंडीत थोडा वेळ तसंच ठेवलं असतं तर तो भुगा चिकटून पुन्हा लादी झाली असती.

रामदासने बाही वर केली आणि हात घालून भुगा उपसायला सुरुवात केली. वीस ओंजळी झाल्या असतील. मग बोटं आधी दुखायला लागली, मग दुखायची थांबली, आणि ती थांबली तेव्हा रामदास घाबरला. हात बाहेर काढला, तर बोटं कुणा दुसऱ्याची वाटत होती. शकूरभाईनं ती आपल्या काखेत दाबून धरली, आणि हसत हसत शेजारच्या हलवायाकडे माणूस पाठवून त्याचा झारा मागवला.

कचोरी तळायचा लांब दांड्याचा झारा. भोकात बुडवला, उचलला, पाणी भोकांतून खाली गेलं आणि भुगा वर राहिला. तीन झाऱ्यांत पाणी काचेसारखं दिसायला लागलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत रामदासला एखाद्या अवजाराचा एवढा आनंद झाला नव्हता. त्याच दिवशी दुपारी तो यहियागंजच्या भांडीबाजारात गेला आणि एक कोरा लोखंडी झारा घेऊन आला. दांड्याच्या टोकाला सुताराकडून शिसवी मूठ बसवून घेतली, कारण लोखंड थंडीत कातडीला धरतं. मुठीवर सुभद्रानं जुन्या स्वेटरची बाही शिवून चढवली.

संध्याकाळी चहा पिताना त्यानं तिला सगळं रंगवून सांगितलं. शेवटच्या घावाला बर्फ एकदम सुटला आणि पहार हातातून निसटून ड्रमच्या तळाला कशी खणकन वाजली, हेही सांगितलं. सुभद्रा हसता हसता थांबली.

"ड्रमला तळ होता," ती म्हणाली. "तिथं काय आहे?"

तिचा बाप विहिरी खोदायचा. खाली माणूस असताना वरून हत्यार पडू नये म्हणून त्यांच्याकडे प्रत्येक पहारीला आणि सब्बलीला दोर असायचाच. दोर नसलेल्या हत्याराला बाप हात लावू देत नसे. रामदासने कपाळावर हात मारला. एवढे दिवस तो बर्फ वरूनच बघत होता, खाली बघायचं सुचलंच नव्हतं. सुभद्रानं स्वतः नायलॉनची दोरी आणली, पहारीच्या वरच्या कडीत ओवली आणि मनगटाचा फास केला. मग नीलमला बोलावून, एकावर एक दोन हातमोजे घालायला लावून, त्यावरून तो फास मापून घेतला. नीलमनं तेव्हा झाराही हातात घेतला, हवेत भुगा उपसल्यासारखं केलं आणि म्हणाली, "वाह, मस्त बैलेंस है।" रामदासला ते वाक्य दुसरा सगळा दिवस पुरलं.

जायच्या आदल्या दिवशी कार्यालयाच्या व्हरांड्यात सगळं सामान मांडून यादीशी ताडून बघायचं होतं. तंबू, जाळी, नमुन्यांच्या बाटल्या, फॉर्मलीन. स्टोअरचे पांडेजी यादी मोठ्यानं वाचत होते आणि सक्सेना टिकमार्क करत होता. पांडेजी वाईट माणूस नव्हते, पण त्यांना चार माणसांसमोर गप्प राहणं जमत नसे. पहार झाली. दोरी झाली. मग पांडेजी थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "झारा? मेश्रामजी, वहाँ पूड़ी छनेगी क्या?"

सगळे हसले. रामदासही हसला, कारण हसण्यात त्याचंही काही जात नव्हतं. मग सक्सेना यादीवरून मान वर न करता म्हणाला, "चिंता क्या है पांडेजी, मैडम तो हलवाई के घर की ही हैं।"

पुन्हा हशा झाला, या वेळी जरा मोठा. रामदासने नीलमकडे बघितलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. ओठ घट्ट मिटलेले, नजर खाली, यादीच्या कागदावर. तो चेहरा रामदासने ओळखला, निदान ओळखला असं त्याला वाटलं. शाळेत असताना त्याच्या बापानं एकदा वर्गाच्या खिडकीतून त्याला डबा दिला होता. बापाच्या अंगाला चिखलाचा वास होता आणि पोरं हसली होती. तेव्हा रामदासचा चेहरा असाच झाला असणार. त्या दिवशी तो बापाशी धड बोललाही नव्हता, आणि ही गोष्ट त्यानं आजवर सुभद्रालासुद्धा सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम आंघोळीला गेली होती. तिची किटबॅग बाहेरच्या खोलीत भरून तयार होती. झारा वरच होता, टॉवेलमध्ये गुंडाळलेला, तिनं स्वतः ठेवलेला. रामदास त्या बॅगेपाशी बराच वेळ उभा राहिला. वाटेत रात्रभर ट्रेन, मग विमान, मग लष्कराची गाडी. प्रत्येक ठिकाणी बॅग उघडणार, प्रत्येक ठिकाणी सक्सेना हलवाई म्हणणार. तिकडे लष्कराचं ठाणं आहे. जवान तिथं बर्फ फोडून पाणी काढतच असतील, त्यांच्याकडे उपसायला काहीतरी असेलच. माणसाला एखादी गोष्ट करायचीच असली की कारणांचा तोटा पडत नाही. त्यानं झारा काढला, टॉवेल नीट घडी करून परत ठेवला आणि झारा तांदळाच्या पिंपामागे सरकवून दिला. पोरीची मान खाली जायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

स्टेशनवर नीलम त्याच्या पाया पडायला वाकली आणि सक्सेनाला दिसेल म्हणून त्यानंच तिला खांद्याला धरून उभं केलं.

झारा सुभद्राला तिसऱ्या दिवशी सापडला, तांदूळ काढताना. ती तो हातात घेऊन बाहेर आली. काही विचारायची गरज नव्हती, तरी तिनं विचारलं, "काहून काढला तुम्ही?"

रामदासने व्हरांड्यातला प्रसंग सांगितला. तिले हसले ते, माझ्यापायी हसले, म्हणून काढला, म्हणाला.

"हसणाऱ्याचे दात दिसतात," सुभद्रा म्हणाली. "बोटं कोणाची जातात?"

तिनं झारा भिंतीच्या खिळ्याला अडकवला, जेवताना समोर दिसेल असा. नीलम परत येईपर्यंतच्या सतरा दिवसांत रामदासला अन्न गोड लागलं नाही. लेहला पोचल्यावर नीलमचा पीसीओवरून एक फोन आला होता, ठीक आहे, फार थंड आहे, उद्या वर जातो. त्यानंतर काही नाही. रामदास बर्फखान्यात गेला, तर शकूरभाईनं सहज विचारलं, बिटियाने झारा नेला ना? रामदास हो म्हणाला. खोटं बोलून सायकलवरून परत येताना त्याला आठवत होती ती वीस ओंजळींनंतरची बोटं. ड्रमपाशी शेकोटी होती, शकूरभाईची काख होती. तिकडे काय असेल?

जानेवारीच्या शेवटी, धुक्यानं चार तास उशीर झालेल्या गाडीतून नीलम चारबागला उतरली. चेहरा काळवंडलेला, ओठ फुटलेले, पण डोळ्यांत काम करून आलेल्या माणसाचं तेज होतं. तिनं बॅग डाव्या हातानं पुढे केली. उजव्या हाताला पांढरं बँडेज होतं. रामदासने ते बघितलं आणि त्याला सगळं कळलं.

घरी सुभद्रानं बँडेज सोडलं. तर्जनी आणि मधलं बोट टोकाशी काळंनिळं पडलं होतं, कातडी सोलून निघत होती. लष्कराच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, बोटं वाचली, पण टोकांना कदाचित कायमचं बधिरपण राहील. नीलम सांगत होती ते कौतुकानंच सांगत होती. पहारीनं कमाल केली. तीन दिवसांत चार भोकं पाडली. दुसऱ्याच दिवशी पहार हातातून सुटली आणि आईच्या दोरीनं वाचली, नाहीतर मोहीम तिथंच संपली असती. ठाण्यातले जवान म्हणे भोकातून फक्त बादली बुडवतात, पाण्याबरोबर बर्फ आला तर तोही चुलीवर वितळवायचा. उपसायचं कशाला? पण हिला जाळी सोडायची होती, पाणी निवळ हवं होतं. चहाची गाळणी वापरून बघितली, ती दोन वेळा बुडवल्यावर गोठून बंद झाली. शेवटी हातमोज्यानं उपसलं, हातमोजा भिजला, काढला, मग हातानं. चौथ्या भोकात मासे मिळाले. सात मासे. सातांच्याही पोटात खाणं होतं, म्हणजे बर्फाखाली तो मासा उपाशी नसतो.

मग ती थांबली. तिची नजर भिंतीवर गेली होती, खिळ्याला लटकलेल्या झाऱ्यावर. मुठीला स्वेटरची बाही तशीच होती.

"मैंने वहाँ पूरा बैग उलट दिया था," ती हळू म्हणाली. "बर्फ पर। सक्सेना सर ने भी ढूँढा। मुझे लगा, ट्रेन में गिर गया।"

सुभद्रा उठून आत गेली. ही गोष्ट तिनं सांगायची नव्हती.

"मी काढला," रामदास म्हणाला. "तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. ते हसले ना तुले. तुझी मान खाली गेली. मले ते बघवलं नाही."

नीलम ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मेरी गर्दन शरम से नीचे नहीं थी, बाबा। मुझे ग़ुस्सा आ रहा था। बोलती तो नौकरी जाती, इसलिए नीचे देख रही थी।" तिनं सुटलेलं बँडेज मुठीत धरलं. "आपने मुझसे पूछा भी नहीं। आपने सोच लिया कि मुझे आपसे शरम आती है।"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला आपली चूक एवढी स्वच्छ समोर दिसते, तेव्हा ती नाकारायचीही सोय राहत नाही. आयुष्यभर रामदास समजत आला होता, की आपण बाजूला सरकलो की पोरीला जागा होते. तो सरकला होता, आणि जाताना तिच्या हातातलं अवजार घेऊन गेला होता. वर्गाच्या खिडकीत डबा घेऊन उभ्या राहिलेल्या बापाची लाज वाटल्याची शिक्षा त्यानं चाळीस वर्षांनी आपल्या लेकीच्या बोटांना दिली होती. तो तिथं जमिनीवर बसला आणि रडला. नीलम त्याला रडताना बघून आत निघून गेली. तिला राग आला होता आणि तो लगेच जाणारा नव्हता.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कार्यालयात मोहिमेचा अहवाल होता. लांब टेबलाभोवती निगम साहेब, सक्सेना, पांडेजी आणि आणखी पाच-सहा जण बसले होते. रामदास नेहमीसारखा दाराशी उभा होता. नीलमनं मासे, पाण्याचं तापमान, पोटातलं खाणं हे सगळं नीट मांडलं. उजवा हात टेबलावरच होता, बँडेजसकट. साहेब फार खूश झाले आणि म्हणाले, पुढच्या जानेवारीत पुन्हा जायचं, महिनाभर. अवजारांत काय कमी पडलं, ते सांगा.

नीलमनं यादी पांडेजींकडे सरकवली. पांडेजी सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीला अडखळले. "झारा, लोहे का, लकड़ी की मूठ, दो।" या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांना तो हात दिसत होता. सक्सेना पेनचं टोपण काढत घालत राहिला.

दोन कशाला, एक पुरणार नाही का, असं साहेबांनी विचारलं. नीलम मागे वळली.

"बाबा," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली, "दो लगेंगे न?"

दीड वर्षात तो शब्द त्या इमारतीत पहिल्यांदा उच्चारला गेला. पांडेजींनी चष्मा काढून पुसला. साहेबांनी दाराकडे बघितलं, मग नीलमकडे बघितलं, आणि रामदासजी, तुम्ही बसून सांगा, असं म्हणून बाजूची खुर्ची ओढली. रामदास बसला. दोन लागतील, तो म्हणाला. एक वापरताना दुसऱ्यावरचा बर्फ झटकायला वेळ मिळायला हवा. आणि मूठ मी माझ्या हाताच्या मापानं केली होती, ती चूक झाली. ज्याला धरायची आहे त्याच्या हातानं निवडायला पाहिजे.

पुढच्या रविवारी दोघं यहियागंजला गेली. फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं. नीलमनं भर बाजारात लष्कराचे जाड हातमोजे चढवले आणि दुकानातला एकेक झारा उचलून, डोळे मिटून, हवेतलं काहीतरी उपसून बघायला सुरुवात केली. बधिर बोटांना पकड कळत नव्हती, म्हणून ती मूठ तळव्यात धरून बघत होती. हा जड, याची भोकं बारीक, बंद होतील, याचा दांडा वाकतोय. रामदास बाजूला उभा राहून एक एक तिच्या हातात देत होता आणि नाकारलेला परत घेत होता. त्यानं एकदाही, हा घे, असं म्हटलं नाही. त्या माणसाला ते फार कठीण गेलं.

दुकानदार म्हातारा होता. दोन झारे आणि तेही हातमोजे घालून निवडणारं गिऱ्हाईक त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. शेवटी त्याला राहवेना. त्यानं अदबीनं विचारलं, "बिटिया, आप लोग हलवाई हैं?"

रामदास खुलासा करायला पुढे झाला. सरकारी काम आहे, ऑफिस आहे, मुलगी साहेब आहे, हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. नीलमनं बँडेजचा हात त्याच्या दंडावर ठेवून त्याला थांबवलं.

"ये हैं," ती दुकानदाराला म्हणाली. "मैं इनकी बेटी हूँ।"

दुकानदारानं मान डोलावली आणि दोन्ही झारे कागदात बांधायला घेतले. नीलम म्हणाली, कागद नको, असेच द्या. मग एक झारा तिनं घेतला, एक बापाच्या हातात दिला, आणि आलमबागच्या टेंपोपर्यंत दोघं ते तसेच, सगळ्यांना दिसतील असे धरून चालत गेली.